रेकॉर्ड साफ झाली, सिंधूचा जबाब तोच



गेल्या पावसाळ्यात जिंतूर तालुक्यातल्या एका गावात दारूबंदीची बैठक होती. समाजमंदिरात बायका जमायच्या होत्या. सोयाबीनच्या खुरपणीचे दिवस, त्यामुळे बायका उशिरा येणार हे ठरलेलंच. गावातले एक निवृत्त गुरुजी तोवर माझ्याशी बोलत बसले. नाट्यसंगीताचे जुने रसिक. म्हणाले, "ताई, बैठकीआधी एक पद वाजवू का? दारूवरच्याच नाटकातलं आहे." त्यांनी पिशवीतून छोटा स्पीकर काढला, मोबाइलला जोडला आणि बालगंधर्वांचं पद लावलं. 'एकच प्याला'मधल्या सिंधूचं.

जुनी तबकडी, पण कुणीतरी ती नव्यानं साफ करून घेतलेली. खरखर जवळजवळ नाही. आवाज असा स्वच्छ की शेजारच्या खोलीत कुणी गातंय असं वाटावं. आलेल्या दहा-बारा बायका हातातलं काम थांबवून ऐकत राहिल्या. कोपऱ्यातल्या एक सत्तरीच्या आजी म्हणाल्या, "गळा किती ग्वाड हाय! कोन हाय वो ही बाई?"

गुरुजी हसले. "बाई नाही आजी, बुवा आहेत."

बायकांत हशा पिकला. आजी हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "बरं बुवा तर बुवा. पर ज्या बाईचं गानं हाय, तिचं पुढं काय झालं?"

गुरुजी माझ्याकडे बघू लागले. मग मी गोष्ट सांगितली. सुधाकर हुशार वकील. एका प्याल्यानं सुरुवात होते आणि संसार बुडतो. सिंधू माहेरची मदत घेत नाही, दळणकांडण करून घर चालवते. शेवटी दारूच्या धुंदीत त्याच्या हातून तान्हं लेकरू जातं, सिंधूही जाते. पण मरताना ती नवऱ्याला वाचवण्यासाठी पोलिसांपुढे त्याचं नाव घेत नाही. नंतर सुधाकरही विष मिसळलेला प्याला पिऊन मरतो.

आजी जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "नाव कामून नाही सांगितलं तिनं? लेकरू मेलं की तिचं."

या प्रश्नाचं उत्तर गुरुजींकडे नव्हतं आणि माझ्याकडेही नव्हतं. तेव्हापासून तो माझ्या डोक्यात आहे. हा लेख त्या आजींच्या वतीनं लिहिते आहे.

आधी कबुली देते. ते पद मलाही आवडतं. घरी गेल्यावर मी ते पुन्हा लावलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. समाजकार्यात एम.ए. केलं, बारा वर्षं कुटुंब सल्ल्याचं काम केलं, म्हणून कान बहिरे होत नाहीत. शब्दावर हळूच टेकणारा तो सूर, गाण्यातून बोलल्यासारखी ती लय, यांची मोहिनी शंभर वर्षांनंतरही उतरत नाही. ज्यांना ती जाणवते ते सगळे प्रतिगामी, असं म्हणणं सोपं आहे. पण ते खोटं ठरेल. माझा प्रश्न वेगळा आहे. जुना आवाज साफ करताना नेमकं काय साफ होतं? आणि उरलेल्या गोडव्यावर आपण कशासाठी माना डोलावतो?

तबकडी कशी तयार व्हायची ते बघा. १९२५च्या सुमारास विजेवरचे मायक्रोफोन आले. त्याआधी गायकाला कर्ण्यात तोंड घालून गावं लागे. आवाजाच्या धक्क्यानं सुई मेणावर रेघ कोरायची आणि त्या साच्यावरून लाखेच्या तबकड्या निघायच्या. मिनिटाला सुमारे ७८ फेरे आणि एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. नाटक चालायचं रात्रभर. तबकडीवर काय मावायचं? पद. तेही आटोपशीर केलेलं. पदाच्या आधीचा संवाद मावायचा नाही, नंतरची मारहाण मावायची नाही. सिंधूची आर्जवं तबकडीवर आली. सुधाकरची काठी आली नाही, लेकराचं मरण आलं नाही, फौजदार आला नाही, सिंधूचं ते शेवटचं मौनही आलं नाही. नाटक पाहणाऱ्याला निदान शेवट तरी बघावा लागे. तबकडीनं ऐकणाऱ्याची त्यातूनही सुटका केली. दुःख वगळून दुःखाचा गोडवा तेवढा घरी नेता येऊ लागला.

हे फक्त आपल्याकडे घडलं असंही नाही. मुंबईत शिकत असताना होस्टेलवर माझ्या खोलीत गोव्याची एक मैत्रीण होती. ती पाश्चात्त्य गाणं शिकायची. ऑपेरा म्हणजे तिकडचं संगीत नाटक. तिच्याकडे 'लाक्मे' या फ्रेंच ऑपेराचं जुनं ध्वनिमुद्रण होतं, तेही असंच साफसूफ केलेलं. हा ऑपेरा लिओ दलीबनं रचला आणि १८८३ साली पॅरिसमध्ये रंगभूमीवर आला. त्याची नायिका हिंदुस्थानातली, ब्राह्मण पुजाऱ्याची मुलगी. तिचं एक प्रसिद्ध घंटागीत आहे. गायिकेचा गळा घुंगरासारखा वरच्या सुरांत फिरत जातो. तिकडच्या नामांकित गायिकांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीपासून ते तबकड्यांवर गायलं आहे. ऐकताना मी थक्क झाले होते.

नंतर मैत्रिणीनं गोष्ट सांगितली. ते गाणं लाक्मे आनंदानं गात नाही. तिचा बाप तिला भर बाजारात उभं करून गायला लावतो. तिच्यावर जीव जडलेला इंग्रज अधिकारी तिचा आवाज ऐकून पुढे यावा, ओळखू यावा आणि बापाला त्याचा काटा काढता यावा, एवढ्यासाठी. मुलगी गळाला लावलेलं आमिष. ती थकते, तरी बाप म्हणतो, अजून गा. शेवटी तिचं काय होतं? आपल्या प्रियकराचं मन पलटणीकडे ओढ घेतंय हे बघून ती धोतऱ्याचं पान चावते आणि मरते. धोतरा! आपल्या बांधावर उगवतो तोच.

रेकॉर्डवर मात्र बाप नाही, बाजार नाही, धोतरा नाही. फक्त तो चमकदार गळा. तिकडचे रसिक दर काही वर्षांनी तो नव्यानं साफ करून घेतात आणि आपले रसिक सिंधूला. दोन्हीकडे बाईच्या गळ्यावर जबरदस्ती आहे आणि दोन्हीकडे रेकॉर्डनं ती नेमकी वगळली आहे. कॅथरीन क्लेमाँ या फ्रेंच लेखिकेनं १९७९ साली ऑपेरातल्या बायकांवर एक पुस्तक लिहिलं. तिचं म्हणणं थोडक्यात असं, की संगीत इतकं सुंदर असतं की नायिकेला मारलं जातंय हे आपल्या लक्षातच येत नाही. स्वतः ऑपेरावर प्रेम करणारी बाई हे लिहिते, म्हणून मला ते महत्त्वाचं वाटतं.

आता आक्षेपांकडे येऊ. बैठक संपल्यावर गुरुजींनी ते घेतलेच.

पहिला आक्षेप: 'एकच प्याला' तर दारूविरोधी नाटक आहे, तुम्ही आपल्याच बाजूच्या नाटकावर का उठता?

नाटक दारूविरोधी आहे हे मान्य. गडकऱ्यांनी दारूनं होणारी राखरांगोळी ज्या ताकदीनं लिहिली त्याला तोड नाही. जानेवारी १९१९ मध्ये ते गेले आणि पुढच्याच महिन्यात गंधर्व नाटक मंडळीनं बडोद्याला नाटकाचा पहिला प्रयोग केला. पण दारूला विरोध म्हणजे नवऱ्याच्या सत्तेला विरोध नव्हे. नाटक रडतं ते सुधाकरसाठी. एवढा बुद्धिमान पुरुष वाया गेला म्हणून. त्यानं काय गमावलं हे मोजायचं माप म्हणजे सिंधू. ती जितकी सोसेल तितकी त्याची शोकांतिका मोठी. त्याच नाटकात तळीरामाची बायको गीता आहे. फटकळ, नवऱ्याला तोंडावर सुनावणारी. आमच्या केंद्रात येणाऱ्या बायका सिंधूपेक्षा गीतेला जवळच्या. पण गीतेचा आवाज कुणाच्या मोबाइलवर वाजताना मी आजवर ऐकलेला नाही. आपण कुणाला जपलं, ते यावरून समजावं.

दुसरा आक्षेप: त्या काळी बायका रंगभूमीवर येत नव्हत्या, पुरुषांना स्त्री-भूमिका कराव्याच लागत, त्यात बालगंधर्वांचा काय दोष?

दोष त्यांचा नाहीच. त्यांनी कलेसाठी काय काय ओवाळून टाकलं ते महाराष्ट्राला ठाऊक आहे. पण "बायका येत नव्हत्या" हे वाक्य तपासून घ्या. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा माणूस कलकत्त्यात ध्वनिमुद्रणाला आला तेव्हा कर्ण्यापुढे उभं राहायला तयार झालेल्यांत बायका पुढे होत्या. नाचगाण्यावर पोट भरणाऱ्या बायका. गौहरजान त्यांतली सर्वांत गाजलेली. गाणं संपताच ती स्वतःचं नाव खणखणीत सांगायची, कारण तबकडीवर कुणाचा आवाज आहे ते कारखान्यातल्या लोकांना कळावं लागे. म्हणजे गाणारी बाई होती. ती 'घरंदाज' नव्हती, एवढंच. तिचा आवाज विकत घ्यायचा, पण तिला उंबऱ्याआत घ्यायचं नाही. उंबऱ्याआत चालणारी स्त्री पुरुषानं उभी केली. बालगंधर्वांचं लुगडं, दागिने, केशरचना बघून घरोघरच्या बायका नटायला शिकल्या, असं कौतुकानं सांगितलं जातं. आदर्श बाई कशी दिसते, कशी लाजते, कशी सोसते याचा धडा बायकांनी एका पुरुषाकडून घेतला, हे त्या कौतुकाच्या पोटात आहे.

त्याच काळात हिराबाई पेडणेकर नावाच्या बाईनं मराठीत संगीत नाटकं लिहिली. कलावंतीण घराण्यात जन्मलेली. 'दामिनी' हे तिचं नाटक १९१२ सालचं. गडकऱ्यांचं नाव नाट्यरसिकाला विचारा, ते धडाधडा चार नाटकं सांगतील. हिराबाईंचं विचारून बघा.

तिसरा आक्षेप नेहमीचा: कलेत राजकारण आणू नका, जुनं जसं आहे तसं राहू द्या.

राहू द्याच की. मी एकही तबकडी फोडायला सांगत नाही. २०१८ साली इटलीत फ्लॉरेन्सच्या एका नाट्यगृहानं 'कार्मेन' या ऑपेराचा शेवट बदलला. प्रियकराच्या हातून मरणारी कार्मेन त्या प्रयोगात उलट त्यालाच गोळी घालते. तिथे मोठा वाद झाला. मला स्वतःला असे बदल फारसे पटत नाहीत. सिंधूनं फौजदाराला खरं सांगितलं असं आज लिहून टाकलं, तर १९१९च्या महाराष्ट्रानं तिच्याकडून काय वदवून घेतलं याचा पुरावाच आपण नष्ट करू. पुरावा ठेवा. पण त्याला आरती ओवाळू नका.

आणि "राजकारण आणू नका" म्हणणाऱ्यांनी एकदा आमच्या कामावर यावं. काही वर्षांपूर्वी मी एका सरकारी दवाखान्यात भाजलेल्या एका बाईच्या खाटेशी तीन रात्री बसले होते. वय बावीस. नवरा रोज पिणारा. आईच्या कानात तिनं सगळं सांगितलं होतं. जबाब घ्यायला माणसं आली तेव्हा म्हणाली, स्टोव्ह भडकला. दोन लेकरं होती. नवरा तुरुंगात गेला तर त्यांना कोण बघणार, सासरचे त्यांना ठेवतील का, हा तिचा हिशोब होता. तो हिशोब चुकीचा होता असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? तिच्याकडे ना माहेर होतं, ना जमीन, ना पोरांची हमी. पण ती गेल्यावर दिवसाच्या दिवशी एक प्रतिष्ठित गृहस्थ मला म्हणाले, "शेवटपर्यंत नवऱ्याचं नाव काढलं नाही पोरीनं. संस्कार म्हणतात ते हे."

मला तेव्हा समजलं की सिंधू अजून वाजतेच आहे. तबकडीची गरजही उरलेली नाही. बाईची लाचारी साफसूफ करून तिला संस्कार म्हणायचं, हेच आपलं सर्वांत जुनं ध्वनिमुद्रण आहे.

आता आपल्या जिल्ह्यातल्या दुसऱ्या एका ध्वनिमुद्रणाबद्दल सांगते. गी पॉइटेवीन हे भारतात स्थायिक झालेले फ्रेंच गृहस्थ आणि पुण्याच्या हेमा राईरकर यांनी गावोगावच्या कार्यकर्त्यांच्या साथीनं महाराष्ट्रभरातून जात्यावरच्या लाखावर ओव्या गोळा केल्या. बर्नार बेल या फ्रेंच संगीत अभ्यासकानं त्यांतल्या कितीतरी ध्वनिमुद्रित केल्या. १९९६ साली ते आपल्या परभणी जिल्ह्यात, ताडकळसला आले होते. तिथल्या गंगूबाई अंबोरे यांच्या ओव्या त्यांनी टेपवर घेतल्या. २०१७ पासून 'परी' या संकेतस्थळानं हा सगळा ठेवा लोकांसाठी खुला केला आहे. गंगूबाईंचा आवाज मी ऐकला तेव्हा त्यात सिंधूचा रेशमीपणा नव्हता. तो आवाज चिरत जातो. त्यात रानातली सीता आहे, टाकून दिलेल्या बाईचं एकटेपण आहे.

नाटकातली सिंधू दळते ती प्रेक्षकांसाठी. गावातली बाई पहाटे दळायची तेव्हा समोर जातं आणि फार तर जोडीला जाऊ. ऐकायला पुरुष नाही, टाळ्या नाहीत, बिदागी नाही. म्हणून तिथे सासूचा जाच सांगता यायचा, नवऱ्याचा मार सांगता यायचा, सीतेला रानात धाडणाऱ्या रामाला जाबही विचारता यायचा. ओव्यांत सगळं बंडच आहे असा दावा मी करणार नाही. मुलगाच हवा असंही त्यांत आहे, अहेवपणी मरण यावं असंही आहे. पण त्या बाईनं आपलं तोंड आपणच उघडलेलं आहे. आपल्या घरात बालगंधर्व माहीत असतात, गंगूबाई नसतात. माझ्या ओळखीच्या परभणीतल्या रसिकांनाही मी विचारून पाहिलं. त्यांना ताडकळस माहीत होतं, ओव्या नाही.

तेव्हा करायचं काय? तीन गोष्टी सुचवते.

एक. सिंधूची पदं जरूर ऐका, शिबिरातही वाजवा. पण पद संपलं की पूर्ण नाटक सांगा आणि आजींचा प्रश्न विचारा: नाव का सांगितलं नाही? आमच्याकडे या एका प्रश्नावर दोन तास चर्चा झाली. कायद्याच्या व्याख्यानावर कधी झाली नव्हती.

दोन. आपल्या गावातल्या साठी-सत्तरीच्या बायकांचे आवाज आता टिपून ठेवा. गिरण्या येऊन जमाना झाला, जात्याशी बसलेली ही शेवटची पिढी आहे. मोबाइल प्रत्येकीच्या हातात आहे. तिची संमती घ्या, तिचं नाव आणि गाव तिच्याच तोंडून रेकॉर्ड करा, तिच्या घरी एक प्रत द्या. आणि आवाज फार साफ करू नका. जुन्या तबकड्यांवर काम करणारे जाणकार सांगतात, की खरखर पूर्ण काढायला गेलं तर गळ्यातला वरचा बारीक कसही निघून जातो, म्हणून थोडी खरखर ठेवावी लागते. जात्याची घरघर, मध्येच रडणारं नातवंड, "बास कर आता" म्हणणारा घरधनी, हे सगळं राहू द्या. ती खरखर नाही, तो पुरावा आहे.

तीन. जिथे आवाज मोजला जातो तिथे तो द्या. आपल्या राज्यात गावातल्या बायकांना मतदान करून दारूचं दुकान बंद करता येतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. दुकान बंद व्हायला यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींची मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. यादीतल्या एकूण बायका, आलेल्या नव्हेत. याचा अर्थ नीट समजून घ्या. जी बाई घरी बसली, जी गप्प राहिली, ती दुकानाच्या बाजूनं धरली जाते. आपल्या सोसण्यानं नवरा सुधारेल असं तिला वाटत असेल, पण गणती होते ती उभ्या बाटलीकडेच.

त्या गावातल्या बायका आता अर्जावर सह्या गोळा करताहेत. गुरुजीही मदतीला आहेत. यादी तेच तपासतात आणि तपासताना स्पीकर लावतात. त्याला माझी हरकत नाही. आजींना सही येत नाही, त्यांनी अंगठा दिला. शाईचं बोट पदराला पुसत म्हणाल्या, "माझं नाव वाचून दाखव बरं मोठ्यानं."

मी वाचून दाखवलं. बायकांनी ऐकलं.